आधी समोरच्याची बाजू

३ सप्टेंबर

दादाच्या टाळूवर आज चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलंय. धर्मविद्यालयाच्या ग्रंथालयात खालच्या खणातलं पुस्तक काढायला वाकला आणि उठताना लोखंडी मांडणीची कड खाडकन बसली. मी चहाला गेले तर हा ओला रुमाल डोक्यावर धरून हसत बसलेला. म्हणे, "थोरामोठ्यांच्या डोक्याला लागतंच गं भांडकुदळे. आमच्या बैलोबालाही लागलं होतं." मी म्हटलं, बैलोबाला शिंगं असतील, तुला टक्कल आहे, बर्फ लाव.

ही वही उद्या कुणाच्या हाती लागली तर वाटायचं की आम्ही गुरं पाळतो, म्हणून लिहून ठेवते. बैलोबा म्हणजे तेराव्या शतकातला एक मठवासी धर्मपंडित. अंगाने आडवातिडवा आणि तोंडातून शब्द न काढणारा, त्यामुळे बरोबरची पोरं त्याला मुका बैल म्हणायची. त्याचा गुरू मात्र म्हणाला होता की या बैलाचं हंबरणं एक दिवस सगळं जग ऐकेल. झालंही तसंच. श्रद्धा आणि बुद्धी यांनी एका घरात कसं नांदायचं हे त्याने असं काही लिहून ठेवलंय की शतकं उलटली तरी लोक त्याला धरून भांडताहेत. दादा ख्रिस्ती धर्मगुरू, जन्मभर धर्मविद्यालयात बैलोबाच शिकवतो. मी गणिताची मास्तरीण, आता निवृत्त. देवबिव काही मानत नाही. राहते समोरच्याच रस्त्यावर.

बैलोबाची एक रीत आमच्या घरात कायद्यासारखी चालते. तो स्वतःचं म्हणणं मांडायच्या आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचा, आणि तेही विरोधकाला स्वतःला जमलं नसतं इतकं झकास. दादा धर्मगुरूचं शिक्षण घेताना सेमिनरीतून पहिल्या सुट्टीला आला तो हा नियम घेऊनच. समोरचा "हो, हेच म्हणायचं होतं मला" म्हणेपर्यंत आपलं घोडं पुढे दामटायचं नाही. आमच्या ह्यांना या प्रकाराचा मनस्वी कंटाळा. आम्ही सुरू झालो की खांद्यावर टॉवेल टाकून स्वयंपाकघरात जायचे आणि आतून ओरडायचे, "एकमत झालं की सांगा, चहा टाकलाय." हे गेल्यापासून चहा मीच टाकते, आणि प्रार्थनामंदिराची पायरी चढलेली नाही.

१९ सप्टेंबर

आज मी जिंकले आणि मजा आली नाही.

विषय नेहमीचाच, जगाला सुरुवात असलीच पाहिजे का. मी दादाची बाजू मांडली, तो "हो, हेच" म्हणाला. मग माझी बाजू मांडायची त्याची पाळी. "तुझं म्हणणं असं की," म्हणाला आणि थांबला. खिडकीकडे बघत बसला. मला वाटलं, काहीतरी जबरदस्त काढतोय. तर म्हणतो, "तूच मांड. तुझंच आहे ना." जन्मात पहिल्यांदा! मी विचारलं, बरं नाही का रे? डोकं जड झालंय म्हणाला, आणि बसल्या बसल्या पेंगायला लागला. वय झालं आता, दुसरं काय.

१ ऑक्टोबर

दादाच्या हातून कप फुटला. ह्यांनी दिलेला निळा. मी तोंडसुख घ्यायला लागले तर त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं, उलट उत्तर नाही. मग माझ्याकडे किल्ली मागितली. कसली किल्ली, विचारलं तर साखरेकडे बोट. चमचा हवा होता. मी म्हटलं, स्वर्गाची किल्ली तुझ्याकडेच असते की रे, माझ्याकडे कुठली? हसला, पण मनापासून नाही.

त्याच्या मनात काहीतरी चाललंय. मी त्याला ओळखते. काहीतरी पोखरतंय त्याला आतून.

९ ऑक्टोबर

मला काही सुचत नाहीये.

सकाळी प्राचार्य स्वतः दारात आले. हे प्राचार्य म्हणजे दादाचेच जुने विद्यार्थी, आता त्याचे वरिष्ठ, पण अजून त्याला सर म्हणतात. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, गेला दादा. 

"सर ठीक आहेत," ते घाईघाईने म्हणाले. "म्हणजे आहेत. पण बोलत नाहीत."

वर्गात देवाच्या अस्तित्वाचा धडा होता. दादाने फळ्यावर लिहायला घेतलं, "देव नाही असं वाटतं, कारण", आणि त्या कारणच्या पुढे खडू खाली पडला. त्याने तो उचलला नाही. वर्गाकडे बघत उभा राहिला, मग चालत आपल्या खोलीत गेला.

"काहीच म्हणाला नाही?"

"असू दे म्हणाले. दोनदा."

मी तशीच चपला अडकवून धावले. दादा पलंगावर बसला होता. मला बघून हसला, ते अर्धंच. किती बोलले मी त्याच्याशी, रागावले, विनवलं, शेवटी चिडवलंसुद्धा. "असू दे," म्हणाला. "असू दे गं."

येताना वर्गात डोकावले. फळा कुणी पुसलेला नाही. ओळ सुरुवातीला सरळ आहे, मग खाली खाली घसरत गेलीय आणि अक्षर बारीक होत गेलंय. दरवर्षी हा धडा असाच सुरू होतो हे मला ठाऊक आहे. आधी शंका, मग उत्तर, हीच तर बैलोबाची रीत. पण या वर्षी दादा शंकेच्या पुढे गेलाच नाही. देवा रे, असं लिहिणार होते. सवय जात नाही जिभेची.

१२ ऑक्टोबर

दादाचा विश्वास उडालाय. सरळ आहे. जन्मभर दुसऱ्याची बाजू इतकी छान मांडली की एक दिवस तीच पटली. प्रार्थनेचं पुस्तक उघडत नाही. उघडलं तरी नजर एकाच ओळीवर. रोजच्या उपासनेला, मिस्सा म्हणायला, उभा राहत नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. आयुष्यभर मी हेच तर म्हणत आले! पण त्याला असा बसलेला बघवत नाही. याला मी जिंकणं म्हणू?

प्राचार्यांचं भलतंच. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुम्हाला आठवतं ना, आयुष्याच्या शेवटी काय झालं होतं त्यांचं?" बैलोबाबद्दल बोलत होते. एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी बैलोबाला काहीतरी झालं, आणि त्यानंतर त्याने लेखणी हातात धरली नाही. सगळ्यात मोठा ग्रंथ अर्धा सोडला. जे पाहिलं त्यापुढे आपलं सगळं लिहिणं त्याला पाचोळ्यासारखं वाटायला लागलं. हे सांगताना प्राचार्यांचे डोळे भरून आले. "सरांना तेच दिसलंय," म्हणाले.

मी थक्क. शिकलेला माणूस! मग तेच जरा चाचरत म्हणाले, "तरी एकदा डॉक्टरांना दाखवायचं का?"

मी फणकारले. "माणसाने विचार बदलला की थर्मामीटर लावतात का?"

"तसं नाही. मलाही नकोच वाटतं ते," म्हणाले. आणि त्या एका गोष्टीवर आमचं एकमत झालं.

२१ ऑक्टोबर

आज जे पाहिलं त्याने डोकं सुन्न झालंय. दादाच्या खोलीबाहेर रांग! माणसं हातात मेणबत्त्या घेऊन उभी. कुणी सांगितलं, कुठून कळलं, देव जाणे. एका बाईने तान्हं मूल पुढे केलं आणि दादाचा उजवा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. हात ओल्या पोत्यासारखा घसरून खाली पडला. ती बाई रडायलाच लागली, म्हणे, आशीर्वादाचा भार सोसला नाही बाळाला.

दादा माझ्याकडे बघत होता. लहानपणी विहिरीच्या कठड्यावर चढला होता आणि उतरता येईना, तेव्हा असाच बघत होता. मी सगळ्यांना हाकललं. दार लावून घेतलं आणि त्याला म्हटलं, एकदा सांगून टाक ना या लोकांना की तुझा नाही राहिला विश्वास. काही होत नाही, मी जगतेच आहे की. त्याने तोंड उघडलं, ओठ हलवले. "असू दे," म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

२ नोव्हेंबर

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. दादा आतल्या खाटेवर आहे. लिहिलं नाही तर वेड लागेल.

आज दुपारी मी तलवार उपसूनच प्राचार्यांच्या खोलीत गेले. रांग बंद करा म्हटलं, नाहीतर मी फाटकावर उभी राहून ओरडून सांगेन सगळ्यांना. तेही तापले. म्हणाले, "ताई, तुम्ही सरांच्या बहीण ना? मग सरांच्या नियमाने भांडा."

घ्या! माझाच बाण माझ्यावर. मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांची बाजू मांडायला घेतली. "तुमचं म्हणणं असं. जन्मभर बोलणारा माणूस वाक्याच्या मधोमध थांबला. लिहायचं सोडलं. कशाचा राग नाही, लोभ नाही. बसल्या जागी तंद्री लागते, हाक मारली तरी भानावर येत नाही. हातातली वस्तू गळून पडते, कारण जगातल्या वस्तूंची त्याला पर्वाच उरलेली नाही."

"हो," ते म्हणाले. "हेच म्हणायचं होतं मला." मग त्यांनी माझी मांडली. "तुमचं म्हणणं असं. सर प्रार्थनेचं पुस्तक धरतात पण वाचत नाहीत. मिस्सा म्हणत नाहीत. मी उपासनेचा पेला हातात दिला तो त्यांनी सोडून दिला. क्रुसाची खूण करायला हात कपाळापर्यंत नेत नाहीत. श्रद्धा गेलेला माणूस असाच वागतो."

हो, हेच, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. "पेला कुठल्या हातातून सोडला?"

"उजव्या."

"माझा कपही उजव्याच. खडू?"

"खडू उजव्याच हातात असणार ना, ताई."

मला त्या बाळाच्या डोक्यावरून घसरलेला हात दिसला. तोही उजवा. मग ती किल्ली. मग ते पेंगणं.  श्रद्धा आली काय किंवा गेली काय, ती एकाच हातातून जाते का?

प्राचार्य खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. "फांदी," म्हणाले. मला वाटलं, यांचंही डोकं गेलं. "सर दरवर्षी वर्गात सांगायचे. त्या मौनानंतर बैलोबा एका धर्मसभेला निघाला होता. वाटेत झाडाच्या फांदीवर डोकं आपटलं, आणि थोड्याच दिवसांत तो गेला. सर म्हणायचे, पोरांनो, ते दर्शन सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि फांदी कुणाच्याच नाही. आम्ही हसायचो."

"दादाच्या टाळूला मांडणी लागली होती," मी म्हटलं.  "सप्टेंबरात. मी म्हटलं, बर्फ लाव."

प्राचार्यांनी स्वतः गाडी काढली. वाटेत एक अक्षर बोलले नाहीत, नुसते रडत होते आणि गाडी चालवत होते. मी म्हटलं, पुढे बघा, नाहीतर आपणही फांदीवर जाऊ.

३ नोव्हेंबर

कालचं पुढचं लिहिते.

सर्जनबाईंनी फोटो दाखवला. कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये, डाव्या बाजूला, एवढा थोरला काळा डाग. त्या माराने आत बारीक रक्त झिरपत राहिलं होतं. बोलणं आणि उजवा हात जिथून चालतात तोच भाग दाबला गेलाय. कवटीला लहानसं भोक पाडायचं, रक्त बाहेर काढायचं. बरेच लोक खडखडीत बरे होतात म्हणाल्या.

"आणि नाही केलं तर?"

"एक दिवस झोपतील ते उठणार नाहीत. तो दिवस फार लांब नाहीये. आणखी आधी का नाही आणलंत?"

 काय सांगणार? की आम्ही त्याच्या देवावरून भांडत होतो?

पण खरा धक्का पुढेच होता. बाईंनी दादाला सगळं सावकाश समजावलं. त्याने ऐकलं आणि मान हलवली. नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. बाई मला बाहेर म्हणाल्या, "त्यांना समजतंय. समजणाऱ्या माणसाला मी ओढून नेत नाही. तुम्ही बोला, पण फार वेळ लावू नका."

मी त्याच्या खाटेशी बसले. आधी वाटलं, एक थोबाडीत द्यावी. मग वाटलं, पाय धरावेत. आणि मग कळलं की यातलं काहीच चालायचं नाही. नियम म्हणजे नियम. आधी त्याची बाजू. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणजे मलाच बोलायला हवं होतं. आणि त्याची बाजू काय असणार ते मला एकदम दिसलं. प्राचार्य बरोबर होते. डोक्यात रक्त असेलही, पण दादाला खरंच काहीतरी दिसलंय, आणि भोक पाडलं की ते वाहून जाईल अशी त्याला भीती आहे.

मग मी मांडलं. धड काय काय बोलले ते आठवत नाही. म्हटलं, तुला दिसलं की सगळं हिशेबात आहे. कुणी हरवलेलं नाही. आपण ज्यांना मातीत ठेवून आलो ते नुसते आठवणीत नाहीत, ते आहेत, शेजारच्या खोलीत माणूस असावा तसे. दार उघडंय आणि दारात कुणीतरी खांद्यावर टॉवेल टाकून उभं आहे, म्हणतंय, आलात का, या, केव्हाची वाट बघतोय. हे एकदा बघितल्यावर फळ्यावर काय लिहायचं! बोलायचं तरी कशाला! आणि आता ही डॉक्टरीण म्हणते की तो नुसता रक्ताचा डाग आहे, पुसून टाकू. तू कसा हो म्हणशील?

दादा रडत होता. प्राचार्य दाराशी उभे राहून रडत होते. मीही रडत असणार, पदर ओला होता.

मग मी माझी बाजू मांडली. ती छोटीच होती. म्हटलं, तुझाच बैलोबा सांगतो ना की बुद्धीने कळलेलं खरं आणि श्रद्धेने कळलेलं खरं एकमेकांना मारत नाहीत? मग जे दिसलं ते खरं असेल तर एका भोकाने कुठे जाणार आहे? आणि जाणार असेल तर ते खरं नव्हतं, ते रक्त होतं. म्हणजे काहीही धरलं तरी भोक पाडलंच पाहिजे. आता तू सांग.

 त्याने डाव्या हाताने माझा हात धरला आणि मान डोलावली.

आत नेलंय त्याला. मला देवाचं नाव घ्यायचं नाहीये. मी पाढे म्हणतेय.

४ नोव्हेंबर

वाचला. वाचला, वाचला, वाचला. डोक्याला बँडेज, त्यातून एक नळी. उजव्या हाताची बोटं हलवून दाखवली त्याने. प्राचार्यांनी त्याच बोटांवर डोकं टेकलं आणि म्हणाले, "सर, मी तुम्हाला संत करून मारलं असतं." मी म्हटलं, आणि मी नास्तिक करून.

११ नोव्हेंबर

दादा आज बोलला. शब्द शोधत, अडखळत, पण पुरी वाक्यं. पहिलं वाक्य, "चहा पाणचट आहे." मी इतकी हसले की नर्स बघायला आली.

मग तो म्हणाला, "तू त्या दिवशी माझी बाजू मांडलीस."

"मग? नियम आहे आपला."

"पण मी 'हो, हेच' म्हटलं नाही."

"तुला बोलता कुठे येत होतं!"

"मान डोलावता येत होती. ती मी नंतर डोलावली. तुझ्या बाजूला." जरा थांबला. "मला काही दिसलं नव्हतं गं. खडू पडला आणि पुढचा शब्द आठवेना. एवढंच. घाबरलो. आणि मग जो तो माझ्याकडे असा बघायला लागला की आणखीनच घाबरलो."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. "मग ऑपरेशनला नाही का म्हणत होतास?"

"कवटीला भोक पाडणार म्हणाल्या त्या बाई! हो कोण म्हणेल?"

हे कळल्यावर मला हसावं की त्याला बदडावं कळेना. इतका मोठा वाद, इतकी मांडणी, आणि हा आपला सुईला घाबरलेल्या पोरासारखा! "मग रडलास कशाला?"

"तू सांगत होतीस म्हणून." त्याने उजवा हात उचलला, सावकाश, थरथरत, आणि माझ्या हातावर ठेवला. "दारात टॉवेल घेऊन उभा असलेला माणूस माझा कोण गं? मी ब्रह्मचारी. माझी वाट बघणारं कोण आहे तिथे?"

मी बशी उगाच पदराने पुसायला लागले.

"माझी बाजू नव्हती ती, भांडकुदळे. तुझीच होती. आणि ती मला आयुष्यभर जमली नाही इतकी चांगली मांडलीस."

"काहीतरीच! मी देव मानत नाही. सगळ्या जगाला माहीत आहे."

"बरं. मग ते मांड. मी ऐकतो."

मला राग आला. त्यात काय मांडायचंय, मी हे जन्मभर मांडत आलेय, झोपेतून उठवलं तरी मांडेन. बशी खाली ठेवली, पदर सारखा केला, आणि वर्गात उभी असल्यासारखी ताठ बसून म्हणाले, "देव नाही असं वाटतं, कारण..."

पुढचा शब्द आलाच नाही. दादा वाट बघत होता. आणि माझ्या डोक्याला तर काहीच लागलेलं नाही.